प्रायोगिक नाटक पडद्यावर येतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजय तेंडुलकर, महेश एलकुंचवार, मोहन राकेश, सॅम्युएल बेकेट यांची नाटकं वाचून किंवा पाहून झाली की माणूस त्यांच्यावरचे सिनेमे शोधायला लागतो, आणि मग त्याला ठरावीक प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर सिनेमे आहेतच, बघून भांडता येईल.

कुठल्या नाटकांबद्दल बोलतोय आपण?

रंगायन, आविष्कार, थिएटर अकॅडमी, छबिलदासची शाळा, सत्यदेव दुब्यांचं थिएटर युनिट या प्रायोगिक संस्था आणि जागांच्या वाटेने आलेल्या नाटकांबद्दल, आणि बाहेरच्या देशांत त्याच सुमारास तशीच मोडतोड करणाऱ्यांबद्दल. ‘कट्यार काळजात घुसली’ किंवा ‘नटसम्राट’ यांचे सिनेमे खूप चालले, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. तिथे गोष्ट आणि पात्रं पडद्यावर नेली की बरंचसं काम होतं. प्रायोगिक नाटकात गोष्ट बहुतेक वेळा दोन ओळींत संपते. उरतं ते ‘हे रंगमंचावर असं का केलंय’ एवढंच, आणि नेमकं तेच कॅमेऱ्यासमोर निरुपयोगी ठरायची भीती असते.

नाटकाचं रेकॉर्डिंग, टेलिप्ले आणि सिनेमा यांत फरक काय?

प्रेक्षागृहात कॅमेरे लावून प्रयोग टिपला की रेकॉर्डिंग. तेच नाटक स्टुडिओत, प्रेक्षकांशिवाय, कॅमेऱ्यांच्या सोयीने पुन्हा बसवलं की टेलिप्ले. नंदिता दास आणि सौरभ शुक्ला यांचं हिंदी ‘खामोश! अदालत जारी है’ हे त्यातलं अलीकडचं उदाहरण. सिनेमा करायचा तर पटकथा नव्याने लिहावी लागते आणि नाटकातल्या प्रत्येक गोष्टीला ‘तू इथे का हवीस?’ असं विचारावं लागतं. या कप्प्यांमध्ये न बसणारी कामंच जास्त मजेची असतात. त्यांच्याकडे खाली येऊ.

पडद्यावर आणताना सगळ्यात जास्त घोटाळा कुठे होतो?

नाटक ‘मोकळं’ करण्यात. एका खोलीतलं नाटक दिसलं की निर्मात्याला घाम फुटतो. मग पात्रं गच्चीवर जातात, समुद्रावर फिरतात, कुणीतरी रिक्षातून येताना दिसतं, जे नुसतं बोललं गेलं होतं त्याचा फ्लॅशबॅक होतो. आता नाटककाराने ती खोली पैसे वाचवायला निवडलेली नसते (कधीकधी तेही असतं म्हणा). खोलीतून बाहेर पडता न येणं हाच नाटकाचा विषय असतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये नाटकमंडळी खेळ म्हणून खोटा खटला चालवतात आणि त्यांच्यातलीच बेणारे आरोपी होते. सुरुवातीलाच दाराच्या कडीत तिचं बोट सापडतं आणि पुढे ऐन वेळी तेच दार उघडत नाही. ज्या सिनेमात माणसं हवी तेव्हा बाहेर जाऊ शकतात, तिथे त्या कडीला काय अर्थ उरणार?

माझी कसोटी साधी आहे. नाटकाने स्वतःवर कुठलं बंधन घालून घेतलं होतं ते आधी शोधायचं. सिनेमाने ते नुसतं सोडून दिलंय, की त्याच्या जागी स्वतःचं तितकंच कडक बंधन आणलंय, ते मग बघायचं. खालची बहुतेक उत्तरं या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

‘शांतता!’चा मराठी सिनेमा आहे हे खरं का?

खरं आहे, आणि अनेकांना ते माहीतच नसतं. 1971 चा, कृष्णधवल. दिग्दर्शक सत्यदेव दुबे, पटकथा तेंडुलकरांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचं. निहलानींचा छायाचित्रकार म्हणून हा पहिला चित्रपट. नाटक रंगायनने 1967 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं होतं. सुलभा देशपांडे तिथेही लीला बेणारे होत्या आणि इथेही आहेत. सोबत स्वतः अरविंद देशपांडे, शिवाय अमरीश पुरी आणि अमोल पालेकर, म्हणजे दुब्यांच्या तालमीतली माणसं. ‘पालेकरांचा पहिला सिनेमा’ म्हणून ‘रजनीगंधा’चं नाव घेणाऱ्यांशी पैज लावायला हा सिनेमा बरा.

अडचण शेवटच्या स्वगताची आहे. नाटकात न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. मग बाकीचे सगळे जिथल्या तिथे थिजतात, ती बरंच काही बोलते, आणि ती बोललीच नाही अशा थाटात कोर्ट पुढे चालू होतं. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला हे कळतं, कारण थिजलेली माणसं आणि बोलणारी बाई दोन्ही एकाच वेळी त्याच्या नजरेसमोर असतात. कॅमेरा बेणारेच्या चेहऱ्याजवळ गेला की बाकीची माणसं चौकटीतून बाहेर पडतात आणि तिचं एकटेपण सोपं होऊन जातं. लांब राहिला तर चेहरा हातचा जातो. हा पेच या नाटकाच्या प्रत्येक चित्रित रूपाला सोडवावा लागतो. सिनेमा बघाल तेव्हा त्या भागात बाकीची माणसं किती वेळ दिसतात तेवढं नीट बघा.

‘घाशीराम कोतवाल’चा सिनेमा जब्बार पटेलांचा ना?

नाही. नाटकाचं दिग्दर्शन त्यांचं. ‘सामना’, ‘सिंहासन’ हे सिनेमेही त्यांचे, त्यामुळे घोळ होतो. घाशीरामचा 1976 चा सिनेमा युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या सहकारी संस्थेचा. दिग्दर्शक म्हणून के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप ही नावं येतात. कॅमेऱ्यालाही एकापेक्षा जास्त जण. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची.

चार दिग्दर्शक एका सिनेमात चालतात कसे?

खरं सांगायचं तर पुरते चालत नाहीत, आणि ते दिसतं. काही भाग गणितासारखे काटेकोर आहेत, काही सैल. पण नाटकही एका माणसाचं कुठे होतं? तेंडुलकरांची संहिता, पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, यातलं काहीही काढलं तर घाशीराम उभा राहत नाही. अशा नाटकावर सामूहिक सिनेमा करणं मला विचित्र वाटत नाही.

नाटकातली ती ब्राह्मणांची रांग सिनेमात आहे का? तीच नसेल तर घाशीराम कसला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) नाटकाचा पहिला प्रयोग केला. नेपथ्य जवळजवळ नाहीच. माणसांची एक रांग उभी. ती गाते, डुलते, पाठ फिरवते, मधूनच फुटते आणि पुन्हा जुळते. रांग हाच पडदा, हीच भिंत, हेच पुणं. नाना फडणवीस पाहिजे तेव्हा तिच्यातून बाहेर येतो आणि पाहिजे तेव्हा तिच्यामागे दडतो. सत्ता माणसांच्या आड कशी लपते हे सांगायला संवाद लागतच नाही. डोळ्यांसमोर ते घडत असतं. दशावतार, खेळे, कीर्तन, लावणी यांतून उचललेलं बरंच काही त्यात आहे, पण रांगेचा असा वापर या नाटकाचाच.

आता हे सिनेमात जसंच्या तसं ठेवलं तर काय होईल? रंगमंचावर रांग भिंत होते, कारण समोरचा माणूस खुर्चीला खिळलेला असतो. त्याला भिंतीच्या मागे जाता येत नाही. कॅमेऱ्याला येतं. तो एका बाजूने गेला की रांगेमागे काय आहे ते दिसतं आणि भिंत पुन्हा माणसांची ओळ होते. युक्तच्या मंडळींनी म्हणून रांगेचा हट्ट धरला नाही. ते खऱ्या दगडविटांच्या जागेत आणि उघड्यावर गेले. मग नाटक ‘मोकळं’ झालं का? इथे मला उत्तर ‘नाही’ असं द्यावंसं वाटतं, कारण बदल्यात त्यांनी लांबलचक, न तुटणारे शॉट आणले. हंगेरीच्या मिक्लोश यान्चोच्या सिनेमांची आठवण यावी असे: माणसांचे घोळके मैदानात फिरतायत, कॅमेरा त्यांच्यातून सरकतोय, आणि कोण कोणाला घेरतंय हे मध्येच उलटं होतंय. रांग जे काम एका जागी उभी राहून करत होती ते इथे कॅमेऱ्याच्या चालीने होतं. प्रेक्षक पुन्हा अडकतो, या वेळी न संपणाऱ्या शॉटमध्ये.

गमावलं काय? लय. नाटक बघताना पाय ठेका धरतो आणि मग आपण कशावर ठेका धरला हे कळून शरम वाटते. सिनेमात ठेका धरला जात नाही, त्यामुळे ती शरमही येत नाही. नाटक न पाहिलेल्या माणसाला सिनेमा थंड वाटतो तो यामुळेच. ही तक्रार मी खोडून काढणार नाही.

नाना नाटकातलेच, मोहन आगाशे. घाशीराम मात्र ओम पुरी, त्यांचा हा पहिला चित्रपट. ज्यांनी रमेश टिळेकरांचा घाशीराम पाहिलाय त्यांना तो वेगळा वाटतो. ओम पुरींचा घाशीराम आतल्या आत जळतो, आणि क्लोजअपला तेच लागतं.

या सिनेमाचा आणीबाणीशी संबंध आहे का?

नाटक आणीबाणीच्या आधीचं, सिनेमा ऐन आणीबाणीतला. आपणच पोसलेला कोतवाल डोईजड झाला की त्याला जमावाच्या हवाली करणारा सत्ताधीश 1976 मध्ये पडद्यावर आणणं यात कुणाला काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. नाटकावरचे वाद मात्र निराळे होते. ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी, असा आक्षेप. पीडीएने काही प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, कलावंत बाहेर पडले, त्यातून थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि 1974 मध्ये नाटक पुन्हा सुरू झालं. 1980 च्या युरोप दौऱ्याआधी विरोध इतका तापला की प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

एलकुंचवारांच्या नाटकावरच्या ‘पार्टी’ सिनेमात शेवटी अमृत दिसतो. नाटकात तो येत नाही. हे बरोबर केलं का?

माझ्या मते नाही. हा सिनेमा मला फार आवडतो, तरीही नाही.

दमयंती राणेंच्या घरी दिवाकर बर्वे या नाटककाराच्या सन्मानासाठी मेजवानी आहे. सगळे येतात. जो येत नाही त्याच्याबद्दलच सगळे बोलतात: कविता सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेलेला अमृत. प्रायोगिक नाटकाला अशी गैरहजर माणसं फार प्रिय. ‘शांतता!’मधले प्राध्यापक दामले घ्या, नाहीतर बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मधला गोदो. रंगमंचावर गैरहजेरी स्वस्तात मिळते आणि जड होते, कारण सगळे एकाच जागेत असतात आणि तो नसतो हे सतत दिसत राहतं. कॅमेऱ्याला मात्र नसलेलं दाखवता येत नाही, त्यामुळे दिग्दर्शकाचा हात शिवशिवतो. 1984 च्या सिनेमात गोविंद निहलानींनी शेवटी अमृतला रक्तबंबाळ अवस्थेत समोर आणलं, इतरांच्या मनातलं दृश्य म्हणून. नसीरुद्दीन शाह आहेत, प्रतिमा हलवून सोडते. पण दोन तास ज्याच्याविषयी प्रत्येकाने आपापल्या सोयीचं बोलून घेतलं, तो एकदा दिसला की आपली सुटका होते. त्याच्याबद्दल हळहळ वाटून घेता येते. ती सोय मूळ नाटक देत नाही.

पटकथा खुद्द एलकुंचवारांची आहे, तेव्हा ‘लेखकावर अन्याय’ वगैरे म्हणायला जागा नाही. बाकी सिनेमा मात्र उत्तम. निहलानी घराबाहेर फारसे जातच नाहीत. घरातल्या घरात एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतात, आणि मेजवानीत माणूस जसा अर्धी वाक्यं ऐकत फिरतो तसे आपण फिरतो. विजया मेहता आणि रोहिणी हट्टंगडी यांच्यासाठी दोनदा बघावा असा.

‘होळी’?

एलकुंचवारांची एकांकिका, केतन मेहतांचा सिनेमा, तोही 1984 चाच. कॉलेजातली पोरं, रद्द झालेली सुट्टी, आणि संध्याकाळपर्यंत एक जीव जातो. इथेही लांब, सलग शॉट. छायाचित्रणासाठी जहांगीर चौधरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर पोरसवदा वयात दिसतात म्हणून आजकाल हा सिनेमा शोधला जातो. शोधण्याचं कारण काही का असेना, बघा.

मणी कौलचा ‘आषाढ का एक दिन’ इतका संथ का? नट भावनाशून्य का बोलतात?

कारण त्यांना तसंच बोलायचं होतं. मोहन राकेश यांचं 1958 चं नाटक कालिदासाच्या प्रेयसीच्या, मल्लिकेच्या घरात घडतं. कालिदास जातो, मोठा होतो, परत येतो; आपण मात्र तिच्यापाशी थांबतो. 1971 च्या सिनेमात मणी कौल यांनी संवाद आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले. नटाला मग आवाजातून काही ‘करायचं’ उरत नाही. तो उभा राहतो, वळतो, ऐकतो. शब्द एकीकडे, शरीर दुसरीकडे. राकेशांचं बंधन घराचं होतं. कौल यांनी बहुतेक काळ घरही ठेवलं आणि वर हे दुसरं बंधन घातलं.

मल्लिका रेखा सबनीस आहेत आणि कालिदास अरुण खोपकर, म्हणजे मराठी प्रायोगिक वर्तुळ इथेही आहेच. विलोम ओम शिवपुरी, कॅमेरा के. के. महाजन. पहिली वीस मिनिटं कठीण जातात. गडगडाट, पाऊस आणि आवाज यांना कान सरावला की मग उठवत नाही. झोप आली तर अपराधी वाटून घेऊ नका, अनेकांना येते.

बेकेटची नाटकं कुणी बदलू देत नाहीत म्हणे. मग त्यांचे सिनेमे कसे झाले?

2001 मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरचे मायकेल कोलगन आणि निर्माते अॅलन मोलोनी यांनी बेकेटची 19 नाटकं चित्रित करून घेतली, बहुतेक प्रत्येकाला वेगळा दिग्दर्शक. अट एकच: संहिता कापायची नाही, रंगसूचना पाळायच्या. निकाल संमिश्र. अॅटम इगॉयन यांनी जॉन हर्टला घेऊन केलेला ‘क्रॅप्स लास्ट टेप’ अप्रतिम आहे, कारण एक म्हातारा आणि एक टेपरेकॉर्डर यांना क्लोजअप मानवतो. अँथनी मिंगेला यांनी ‘प्ले’मध्ये कल्पक चाल केली. मूळ नाटकात रांजणात अडकलेल्या तिघांवर एक प्रकाशझोत पडतो, आणि ज्याच्यावर पडेल त्याला बोलावंच लागतं. सिनेमात ती जबरदस्ती कॅमेरा करतो: झटकन वळतो, झूम करतो, पोलिसी तपासासारखा. काही समीक्षकांना हे फार ‘सिनेमॅटिक’ वाटलं. मला वाटतं सबंध संचात बंधनाचं भाषांतर सगळ्यात नेमकं इथेच झालंय.

बेकेट स्वतः या बाबतीत लवचीक होते, असं म्हटलं तर लोकांना खरं वाटत नाही. ‘नॉट आय’मध्ये काळोखात फक्त एक तोंड दिसतं आणि बाजूला एक गप्प श्रोता. बिली व्हाइटलॉ यांचं सादरीकरण बीबीसीने चित्रित केलं तेव्हा श्रोता गेला आणि पडदाभर नुसतं तोंड उरलं. बेकेटना ते पसंत पडलं. उलट 1961 मध्ये बीबीसीवर ‘गोदो’ पाहून ते नाराज झाले होते. त्यांचं म्हणणं असं की हे नाटक प्रचंड मोकळ्या जागेत कोंडलेल्या छोट्या माणसांचं आहे, आणि या पेटीत माणसंच जागेपेक्षा मोठी झाली. छोट्या पडद्यावर नाटक बघणाऱ्या आपल्या सगळ्यांना लागू पडणारी तक्रार.

परदेशातलं एकच बघायचं असेल तर?

जोनास मेकस यांचा ‘द ब्रिग’, 1964. न्यूयॉर्कच्या लिव्हिंग थिएटरचं नाटक, अमेरिकी मरीन सैनिकांच्या लष्करी तुरुंगातल्या एका दिवसाचं. करथकबाकीपायी सरकारने नाट्यगृहाला टाळं ठोकलं. मंडळी चोरवाटेने आत शिरली, आणि मेकस यांनी कॅमेरा खांद्यावर घेऊन रंगमंचावर, नटांच्या मध्येच उभं राहून एका रात्रीत नाटक टिपलं. नाटकात प्रेक्षक आणि कैदी यांच्यामध्ये काटेरी तार असते. मेकस ती ओलांडून आत गेले. हे रेकॉर्डिंग की सिनेमा? व्हेनिसच्या महोत्सवात त्याला माहितीपटाचं बक्षीस मिळालं, म्हणजे परीक्षकांनी तिसरंच काहीतरी ठरवलं.

दुसरं नाव हवंच असेल तर पीटर ब्रुक यांचा ‘मारा/साद’ (1967), किंवा ब्रायन डी पाल्मा यांचा ‘डायोनायसस इन 69’. त्यात पडदा उभा दुभागलेला आहे, एका भागात प्रयोग आणि दुसऱ्यात त्यात ओढले जाणारे प्रेक्षक.

रेकॉर्डिंगमध्ये चांगले नटही ओरडल्यासारखे का वाटतात?

आवाज शेवटच्या रांगेसाठी लावलेला असतो आणि कॅमेरा पहिल्या रांगेच्याही पुढे असतो. उपाय दोन. कॅमेरा मागे न्या आणि माणूस पूर्ण दिसू द्या, किंवा नटांबरोबर कॅमेऱ्यासाठी वेगळी तालीम करा. प्रयोगाच्या दिवशी तीन कॅमेरे लावून नंतर संकलनात ‘बघून घेऊ’ हा तिसरा उपाय सर्वत्र वापरला जातो आणि कुठेच चालत नाही.

हे सिनेमे कुठे बघायला मिळतील?

‘पार्टी’ एनएफडीसीचा (सरकारचं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) असल्याने त्यातल्या त्यात सहज सापडतो. बाकीच्यांसाठी फिल्म सोसायट्या आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवावी. घाशीरामची एक प्रिंट बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे टिकून राहिली आणि तिचं डिजिटल रूपांतरही तिथेच झालं. नाना फडणवीसांचं पुणं बघायला बर्लिनचे आभार मानावे लागतात, यावर तेंडुलकरांनी एखादी एकांकिका सहज लिहिली असती.

आमच्या ग्रुपला एक जुनी एकांकिका चित्रित करून यूट्यूबवर टाकायची आहे. प्रयोगाची परवानगी आहे, ती पुरेल ना?

पुरणार नाही. प्रयोगाचा हक्क आणि चित्रीकरणाचा हक्क वेगवेगळे असतात. लेखकाकडून किंवा वारसांकडून दुसरा लेखी घ्यावा लागतो. कॉलेजात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरत्या केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण ती यूट्यूबला लागू होत नाही. ‘लेखक आता हयात नाहीत’ हेही कारण चालत नाही, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवर 2068 अखेरपर्यंत. मोहन राकेश 1972 मध्ये गेले, तिथे 2032 अखेर. पार्श्वसंगीत कुणाचं उचललं असेल तर त्याची परवानगी निराळी. आणि पुढे थिएटरात तिकीट लावून दाखवायचा विचार असेल तर रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही. सिनेमाचं सेन्सॉर स्वतंत्र आहे, आणि त्यासाठी अर्जही नव्यानेच करावा लागतो.